विश्वास ‘ठेवणे’ आणि विश्वास ‘राखणे’

ऐरोलीहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला सभेच्या पत्रिकेवर ‘कृपेवर अवलंबून विश्वास राखण्यातला आनंद’ असा विषय छापायचा होता, तेव्हा एका सभासद बाईंनी दोन हरकती घेतल्या. मराठीत विश्वास ‘ठेवतात’, ‘राखत’ नाहीत, ही पहिली. राखणे म्हणजे जागरण आणि कष्ट. मग त्यात कृपा कुठे आणि आनंद कुठे, ही दुसरी.

पहिल्या हरकतीचे उत्तर व्याकरणातच आहे. विश्वास ठेवायचा तर तो कोणावर तरी ठेवावा लागतो. ‘वर’ या शब्दयोगी अव्ययावाचून ते वाक्य पुरे होत नाही. विश्वास राखण्याला मात्र ‘वर’ लागत नाही, कारण तेथे विश्वास हीच हाती असलेली, जपायची वस्तू असते, जशी शेत राखणे, मान राखणे किंवा लाज राखणे यांत असते. ‘ठेवणे’ ही सुरुवात आहे आणि ‘राखणे’ हा त्यानंतरचा सगळा प्रवास आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या, बायबलच्या नव्या करारातील दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, आयुष्याच्या अखेरीस धाव संपवल्याचे सांगताना, मराठी बायबलात ‘विश्वास राखला आहे’ असेच शब्द येतात, आणि मूळ ग्रीकमधील ‘तेरेओ’ या क्रियापदाचा अर्थही पहारा करणे, जपणे असा आहे. आमच्या ठाण्यात 1321 साली तोलेन्तिनोचा थॉमस हा इटालियन फ्रान्सिस्कन मिशनरी आणि त्याचे तीन सोबती आपल्या श्रद्धेसाठी मारले गेले. त्यांच्याविषयी ‘त्यांनी विश्वास ठेवला’ एवढेच म्हटले तर वाक्य शुद्ध असूनही अपुरे वाटेल.

‘राखणे’ला आणखी एक छटा आहे. ‘त्याने मालकाचा विश्वास राखला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो विश्वास दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला असतो. ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दातही श्रद्धा आणि इमान हे दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून हा दुहेरीपणा मला अडचणीचा न वाटता भाग्याचा वाटतो.

दुसरी हरकत अधिक खोल आहे आणि ती मनापासून घेतलेली आहे. माझी आजी नगर जिल्ह्यातली; ज्वारी निसवली की तिला पाखरे राखायला माळ्यावर बसवीत. हातात गोफण असे, पण ती आम्हाला कष्टांपेक्षा त्या सकाळी म्हटलेल्या गाण्यांविषयीच अधिक सांगायची. पाऊस तिने पाडलेला नव्हता आणि कणसात दाणाही तिने भरलेला नव्हता. राखणदार पीक निर्माण करीत नाही; जे आधीच मिळाले आहे त्यापाशी तो जागा राहतो. कृपा आणि राखण यांत विरोध दिसतो तो राखण म्हणजे कमाई असे समजल्यामुळे, आणि मराठीने या शब्दाला तो अर्थ कधीच दिलेला नाही.

पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या त्याच दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एक फार सुंदर जोडणी आहे. बाराव्या वचनात पौल म्हणतो की, ज्याच्यावर आपण विश्वास ठेवला तो आपली ठेव राखण्यास समर्थ आहे. आणि लगेच चौदाव्यात तो तीमथ्याला सांगतो की, तुझ्याकडे दिलेली चांगली ठेव तू सांभाळ, तीही आपल्यात वसणाऱ्या पवित्र आत्म्याच्या योगे. दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे, ‘फुलास्सो’. नव्या करारातल्याच यहूदाच्या छोट्याशा पत्रातही तसेच घडते: पहिल्याच वचनात वाचक ‘राखलेले’ आहेत आणि एकविसाव्यात त्यांनी स्वतःला देवाच्या प्रीतीत राखायचे आहे, तेथे दोन्हीकडे ‘तेरेओ’ आहे. जो राखला जातो तोच राखतो, हा क्रम लक्षात घेतला की राखणदाराची भीती सरते.

आता आनंदाविषयी. ‘कृपा’ हा शब्द संस्कृतात कळवळ्याच्या धातूपासून आला आहे. ‘कृपण’ म्हणजे मुळात कीव यावी असा दीन. इमारतींच्या पाट्यांवर ‘गुरुकृपा’, ‘मातृकृपा’ वाचताना तो कळवळा आपल्याला जाणवत नाही, इतका शब्द सवयीचा झाला आहे. ग्रीकमध्ये कृपेला ‘खारिस’ म्हणतात आणि आनंदाला ‘खारा’, आणि हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. मराठीत कृपा आणि आनंद यांचे असे नाते दिसत नाही, असे वाटेल. पण ते आहे, फक्त दुसऱ्या घरात आहे. ‘प्रसाद’ म्हणजे कृपा, आणि त्याच धातूपासून झालेला ‘प्रसन्न’ म्हणजे निवळलेला, आनंदी. ज्ञानेश्वरांच्या ‘पसायदाना’तील ‘पसाय’ हा तोच प्रसाद. पत्रिकेवर मात्र मी ‘कृपा’च ठेवीन, कारण ‘प्रसाद’ म्हटल्यावर आज प्रथम हातावर पडणारा गोड घास आठवतो.

बदलायचाच असेल तर माझ्या मते एकच शब्द बदलावा. ‘अवलंबून’ हा शब्द शुद्ध आहे, पण पाऊसमानावर पीक अवलंबून असते आणि निकालावर प्रवेश, असा तो थोडा कोरडा झाला आहे. त्याजागी ‘विसंबून’ घ्यावा. लेकरू आईवर विसंबून असते. आणि जुन्या वळणाच्या मराठीत आई लेकराला क्षणभरही विसंबत नाही, म्हणजे नजरेआड करीत नाही. एकच क्रियापद लेकराचा भरवसाही सांगते आणि आईची राखणही. तेव्हा भगिनींनी पत्रिकेवर ‘कृपेवर विसंबून विश्वास राखण्यातला आनंद’ असे निःशंकपणे छापावे, आणि हरकत घेणाऱ्या बाईंनाच त्या सभेत पाखरे राखण्याची एखादी आठवण सांगायला बोलवावे.