घरच्या खाण्यासाठी सुधारित जातीची गिरिराज कोंबडी घ्यावी की गावठी, आणि कोंबडी कापायची कधी?

गावठीच घ्या. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे, ‘खुडूक बसलेली (म्हणजे अंडी उबवायला बसलेली) कोंबडी अंडी देत नाही, तर तीच आधी कापावी ना?’

अजिबात नाही. हेच वाक्य माझ्या दिरांचं.

आमचं घर कुडाळजवळ. माझ्याकडे एक तांबडी कोंबडी होती, तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, असल्यापासून मीच वाढवलेली. पहिल्यांदा अकरा अंड्यांवर बसली आणि एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं घेऊन उठली. घार दिसली की घशातून एकच आवाज काढायची, नऊच्या नऊ पिल्लं पंखाखाली. पुढच्या मे महिन्यात ती परत खुडूक बसली आणि मी चार दिवस माहेरी गेले. पाहुणे आले. अंगणात पाच माजलेले कोंबडे एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करत फिरत होते, पण दिरांनी टोपलीतली तांबडी उचलली. धरायला सोपी ना! मी आले तेव्हा पेंढ्यात दहा अंडी गारठून पडलेली. आणि मटण तरी काय मिळालं? खुडूक कोंबडी धड खात नाही, छातीचं हाड नुसतं हाताला लागतं. दोन तास रटरटली म्हणे, तरी चिवटच.

कापायचे ते जास्तीचे कोंबडे, पाच-सहा महिन्यांचे, आरवून भांडायला लागले की. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. गिरिराज लवकर भरते, मान्य आहे, पण ती सहसा खुडूक बसत नाही. मग दरवेळी पिल्लं विकत आणा. अंडी उबवायचं मशीन असेल तर गोष्ट वेगळी.

कापायच्या आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी मात्र ठेवा. पिसं काढायला उकळतं पाणी घेऊ नका, कातडी सोलून येते. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी दाबू नका, कलेजीचा थोडा तुकडा गेला तरी चालेल पण ती अख्खी निघू द्या. फुटली की कडूपणा धुऊन जात नाही. साफ करून तीन-चार तास थंड जागी ठेवा, मग फोडणीला टाका. कापल्यावर मांस आखडतं, आणि आखडलेलं मांस शिजायला फार छळतं.

एक राहिलंच. गावठीला रोग होत नाही असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, अख्खं खुराडं रिकामं होतं. पहिल्याच आठवड्यात पिल्लांना लासोटाचा, म्हणजे त्या रोगाच्या लशीचा, थेंब द्या, आणि आजारी कोंबडी कापून खाऊ नका.

दीर अजूनही म्हणतात, ‘एका कोंबडीसाठी किती वर्षं बोलशील?’ खुडूक कोंबडीची टोपली तेव्हापासून माझ्या खोलीत, खाटेखाली असते.