शाखेच्या हमीसाठी १,१२,००० डॉलर मोजावेत का?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला असतो. लेकीला टेक्सस ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, पण शाखा पहिल्या वर्षानंतर ठरणार. तिला कॉम्प्युटर सायन्सच हवंय. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाने तिला थेट कॉम्प्युटर सायन्सला घेतलंय. राहण्या-जेवण्यासकट इथला खर्च वर्षाला ३४,००० डॉलर, तिथला ६२,०००. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) १,२५,००० आहेत आणि पगारातून महिन्याला १,००० काढता येतील. माझं वय ४९. दोन्ही कॅम्पस बघून ठरवणार आहोत. तुम्ही काय सुचवाल?

उत्तर : कॅम्पस जरूर बघा. पण निघण्याआधी कागदावर एक हिशेब मांडा, नाहीतर चकचकीत इमारतीच निर्णय घेऊन टाकतील. ए अँड एमची २०१८ साली उघडलेली झॅकरी इमारत भल्याभल्यांना भुरळ घालते.

चार वर्षांत तुमच्याकडे १,२५,००० आणि पगारातले ४८,००० मिळून १,७३,००० डॉलर असतील. ए अँड एमला लागतील १,३६,०००, म्हणजे ३७,००० हातात राहतात. दुसरीकडे लागतील २,४८,०००, म्हणजे ७५,००० कमी पडतात. लेकीच्या नावावर सरकारी विद्यार्थी कर्ज चार वर्षांत जास्तीत जास्त २७,००० मिळतं (५,५००, ६,५०० आणि पुढे दोनदा ७,५००). उरलेले ४८,००० तुमच्या डोक्यावर. २०२५-२६ साठी पेरेंट प्लस, म्हणजे आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घ्यायच्या सरकारी कर्जाचा व्याजदर ८.९४ टक्के होता, शिवाय कर्ज देतानाच चार टक्क्यांहून अधिक शुल्क कापून घेतात. त्याच दराने दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला ६०० डॉलरच्या वर जातो, आणि शिक्षण चालू असताना चढणारं व्याज यात धरलेलंच नाही. लेक पदवीधर होईल तेव्हा तुम्ही ५३ वर्षांच्या असाल. निवृत्तीसाठी पैसे बाजूला टाकायची ती शेवटची जोमाची वर्षं. आणि तुमच्यापैकी कुणाचंच ग्रीन कार्ड झालेलं नसेल तर पेरेंट प्लस मिळणारच नाही, मग खासगी कर्ज. १ जुलै २०२६ पासून पेरेंट प्लसला मर्यादाही आली आहे : एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. धाकटं भावंड असेल तर त्याच्या वेळी पगारावर आधीच हा हप्ता चालू असेल, हेही धरा.

आता या १,१२,००० डॉलरच्या फरकात नेमकं मिळतं काय? पदवी दोन्हीकडे कॉम्प्युटर सायन्सचीच. जास्तीचे पैसे जातात ते फक्त शाखा हुकण्याच्या धोक्यावर. हा विम्याचा हप्ता आहे असं समजा आणि विमा घेताना विचारतो तेच विचारा : नुकसान झालंच तर किती?

मुद्दाम सगळ्यात वाईट चित्र धरू. समजा तिला कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही, दुसरीकडे बदली घेण्यात एक वर्ष वाया गेलं, म्हणजे आणखी ३४,००० खर्च झाला आणि एका वर्षाचा पगार बुडाला. तो पगार मी ८०,००० धरतो. एकूण १,१४,०००. म्हणजे शाखा हुकणार हे शंभर टक्के गृहीत धरलं तरी नुकसान जेमतेम या विम्याच्या हप्त्याएवढं. हुकण्याची शक्यता निम्मी धरली तर तुम्ही दुप्पट हप्ता भरताय. आणि त्या जादा वर्षाचे ३४,००० तुमच्या शिलकीतल्या ३७,००० मध्ये बसतात. हा धोका तुम्ही स्वतःच पेलू शकता, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. माझा कल ए अँड एमकडे आहे.

धोका खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१३ मध्ये ए अँड एमने २०२५ पर्यंत इंजिनिअरिंगचे २५,००० विद्यार्थी करायचं ठरवलं. विद्यार्थी वाढले, पण प्रत्येकाला हवी ती शाखा मिळेल एवढ्या जागा काही झाल्या नाहीत. पहिल्या वर्षानंतर मुलं पसंतीक्रम भरतात. बाकी अटी पुऱ्या करून जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी ('ए'ला ४, 'बी'ला ३), ३.७५ असेल तर पहिली पसंती आपोआप, नाहीतर स्पर्धा. पूर्वी ही रेषा ३.५ होती.

३.७५ ऐकायला सोपं वाटतं. वर्षाला ३० क्रेडिट आणि बाकी सगळे 'ए' धरले तर एक चार क्रेडिटचा आणि एक तीन क्रेडिटचा विषय 'बी'वर गेला तर चालतं, तेव्हा जीपीए ३.७७ च्या आसपास राहतो. चार-चार क्रेडिटचे दोन विषय 'बी'वर गेले की ३.७३ होतो आणि रेषा हुकते. कॅल्क्युलस चार क्रेडिटचा. म्हणून एपीचं (शाळेतच केलेल्या कॉलेज पातळीच्या विषयाचं) क्रेडिट घ्यावं की कॅल्क्युलस पुन्हा पहिल्यापासून करावा, हा प्रश्न पैशांचाही आहे. एपीचं क्रेडिट मिळतं, ग्रेड जीपीएत धरत नाहीत, आणि मूल पहिल्याच सत्रात पुढच्या अवघड गणितात जाऊन बसतं. एका विषयाचे पैसे वाचवायला जाऊन शाखा घालवू नका. पहिल्या वर्षी शिकवणीला हजार-दीड हजार लागले तर खुशाल द्या, आणि त्या वर्षी तिला अर्धवेळ नोकरी करू देऊ नका.

ए अँड एमचं गाव, कॉलेज स्टेशन, तुमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे, तेव्हा सुट्टीत नको, वर्ग चालू असताना जा. टूर घडवणारा विद्यार्थी उत्साहीच असणार, त्याला जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारा. खरे प्रश्न सल्लागारांच्या ऑफिसात जाऊन विचारा : तिच्या बॅचला लागू होणारा नियम कोणता, गेल्या वर्षी ३.७५ च्या खालच्या किती मुलांना कॉम्प्युटर सायन्स मिळालं, नाही मिळालं त्यांना कुठे टाकलं? पहिली पसंती हुकलेलं दुसऱ्या वर्षाचं एखादं मूल गाठता आलं तर त्याच्याशी लेकीला एकटीला बोलू द्या, आपण आईवडील बाजूला. इलेक्ट्रिकल किंवा इंडस्ट्रियल मिळालं तर ती रमेल का, हे तिलाच कळेल. उत्तर ठाम 'नाही' असेल तर माझ्या हिशेबातला वाया गेलेला वर्षभराचा काळ कल्पना न राहता खराच होईल. तरीही आकडे ए अँड एमच्याच बाजूने राहतात.

दुसऱ्या विद्यापीठाला विमानाने जायचं तर तिकीट आणि हॉटेल ५२९ मधून भरू नका. प्रवास त्यात बसत नाही. काढलेल्या रकमेतल्या नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड लागेल. आधी एक फोन करा : थेट प्रवेशानंतरही शाखेत टिकायला किमान जीपीए लागतो का? बऱ्याच ठिकाणी लागतो, आणि मग तुमची 'हमी' तेवढी पक्की उरत नाही. त्याच फोनवर शिष्यवृत्ती वाढवून मिळेल का हेही विचारा. बहुतेक ठिकाणी होकार कळवायची मुदत १ मे असते, त्याआधी लेखी अर्ज करा. वर्षाचा फरक २८,००० वरून १२,००० पर्यंत आला तर तुम्हाला चार वर्षांत जेमतेम ११,००० कमी पडतील आणि तेवढे लेकीच्या कर्जात भागतात. तेव्हा तिच्या आवडीला झुकतं माप द्यायला माझी हरकत नसेल.

एक जाता जाता : कुठेही गेलात तरी दरवर्षी विद्यापीठाच्या फीमधले ४,००० डॉलर ५२९ बाहेरून, पगारातून भरा. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या आत असेल तर त्यावर वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत अमेरिकन अपॉर्च्युनिटी करसवलत मिळते, चार वर्षं. उत्पन्न १,८०,००० च्या वर गेलं की ती मिळत नाही.