‘गोरा’ कादंबरीतील मानवतावाद आणि अस्मितेचा शोध : लघुप्रबंधाची प्रकरणं कशी पाडावीत?

रवींद्रनाथांच्या ‘गोरा’वर (पुस्तकरूपात 1910) एम.ए.चा लघुप्रबंध लिहिताना ‘मानवतावादी मूल्ये’ आणि ‘अस्मितेचा शोध’ अशी दोन वेगळी प्रकरणं करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. वेगळी केलीत की पहिल्यात आनंदमयीच्या, म्हणजे गोराच्या आईच्या, मायेचं कौतुक, दुसऱ्यात कट्टर हिंदू नायक गोराच्या जन्माचं रहस्य, आणि दोन्हींचा एकमेकांशी पत्ताच नाही असं होतं.

त्यापेक्षा एकच धागा धरा: पाणी आणि जेवण. सुरुवातीला गोरा आईच्या खोलीत खात नाही, मित्र विनयलाही खाऊ देत नाही. कारण तिथे लछमिया ही ख्रिस्ती दासी वावरते. याच लछमियाने लहानपणी देवी आल्या तेव्हा त्याची सेवा केली होती. पुढे चर-घोषपूर गावात मुसलमान पोराला सांभाळणारा न्हावी भेटतो. त्याच्याकडे खाल्लं तर जात जाणार, आणि रयतेला छळणाऱ्या ब्राह्मण तहसीलदाराकडे जेवलं तर राहणार! गोरा तहसीलदाराच्या दारातून उठून न्हाव्याकडे परततो. शेवटी आपण आयरिश बापाचं मूल आहोत, आनंदमयीने फक्त वाढवलं हे कळल्यावर तो आनंदमयीला म्हणतो, लछमियाला बोलव, तिच्या हातचं पाणी हवंय. या तीन जागांत तुमचे दोन्ही विषय एकत्र येतात.

दुसऱ्या वाचनात अशा खाण्यापिण्याच्या प्रसंगांची 20-25 कार्डं करा. प्रत्येकावर एवढंच: कुणी दिलं, कुणी नाकारलं, कारण काय सांगितलं, पान क्रमांक. संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नका, कादंबरीचा जीव तिच्या लांबलचक वादांत आहे.

हमखास होणारी चूक म्हणजे शेवटाला ‘धक्कादायक’ म्हणणं. गोराचा जन्म 1857 च्या धामधुमीतला, हे वाचकाला बरंच आधी कळतं. माहीत नसतं ते फक्त गोराला. म्हणून आनंदमयी कुठे कुठे बोलता बोलता थांबते ते टिपा. ब्राह्मो (ब्राह्मो समाज या सुधारणावादी पंथाचे लोक) म्हणजे पुरोगामी, असंही सरसकट लिहू नका. कादंबरीतल्या ब्राह्मो हारानबाबूंचा कर्मठपणा गोरापेक्षा कमी नाही, फक्त समाज वेगळा.

आणि नागपुरात बसून लिहिताय तर एक प्रश्न टाळू नका. वाढवणाऱ्या वडिलांनी खरं सांगताच गोराची जात गळून पडते. ज्यांच्यावर जात लादली गेली त्यांची अशी कुणाच्या सांगण्याने पडत नाही; 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखोंना ती जाणूनबुजून टाकून द्यावी लागली. गोराला ओळख निवडावी लागत नाही, त्याच्याकडून ती सुटते. मी परीक्षक असेन तर या फरकावरची चार पानं आधी उघडेन. शीर्षकात मात्र ‘अस्मिता’पेक्षा ‘ओळख’ बरी. आपल्याकडे ‘अस्मिता’ म्हटलं की मोर्चाच आठवतो.