आधी गिअर बघ, भाऊ

ड्रिल मशीन तापून वास मारतंय म्हणून मोटर कमजोर, असं लगेच ठरवू नकोस. वरचं 1-2 गिअरचं बटण बघ. 2 वर ठेवून बाभळीच्या फळीत 25 मिमीचं भोक पाडत होतास ना?

मोटर तीच असते. आतली दातेरी चाकं फेरे घटवतात, तेवढा पीळ, म्हणजे फिरवायची ताकद, वाढवतात. बॅटरीच्या ड्रिलला 1 वर मिनिटाला साधारण 400-500 फेरे, 2 वर 1500च्या आसपास. म्हणजे 1 वर पीळ जवळपास तिप्पट. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना भरलेला ट्रक टॉपमध्ये कोण नेतं?

मोठं भोक, लांब स्क्रू असेल तर 1. बारीक बिट 2 वर. भिंतीत हॅमरही (ठोके मारत भोक पाडणं) 2 वरच, कारण तिथे फेरे वाढले की ठोके वाढतात.

गिअर मात्र मशीन पूर्ण थांबवूनच बदल. मी एकदा फिरत्यावर ढकलला, कर्रर झालं. उघडून बघतो तर ग्रीसमध्ये दातांचा चुरा चमकतोय. मशीन माझंच, शिव्या कोणाला घालू?

आणि हो, 1 वर बिट अडकला की मनगट पिळवटतं. बाजूची मूठ लावल्याशिवाय सुरू करू नको.