वाचकांचे प्रश्न : सहा महिने तहानलेले जेड

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे सक्युलंट, म्हणजे मांसल पानाखोडाच्या झाडांविषयी आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे नोव्हेंबरअखेरीपासून मेअखेरीपर्यंत अमेरिकेत होतो. घर बंद होते. परत येऊन पाहतो तर बाल्कनीतली तुळस, मोगरा आणि गुलाब यांच्या नुसत्या काड्या उरलेल्या, मात्र जेड आणि स्नेक प्लांट सुरकुतलेले असले तरी जिवंत! हे कसे शक्य झाले? आणि आता त्यांना भरपूर पाणी द्यावे का?
— एक दांपत्य, वारजे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. भरपूर पाणी मुळीच देऊ नका. दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या मातीत या झाडांची बारीक तंतुमुळे सुकून जातात, आणि पाणी शोषण्याचे काम प्रामुख्याने तीच करत असल्यामुळे, ती नव्याने फुटेपर्यंत कुंडीत ओतलेले पाणी झाडाच्या उपयोगी न पडता उरलेल्या मुळांभोवती साचून राहते. पहिल्या दिवशी माती जेमतेम ओलावेल इतकेच पाणी घाला, पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेवढेच घाला, आणि पाने टणक होऊ लागली की मग नेहमीच्या प्रमाणावर या.

आता ती जगली कशी, याविषयी. पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये ‘जेड’ म्हणून बहुतेक वेळा जे विकले जाते, ते लहान गोलसर पानांचे, तांबूस खोडाचे पोर्चुलाकारिया असते. खरे जेड, म्हणजे क्रासुला, मोठ्या आणि जाड पानांचे असते. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली असून दोन्ही पानांत पाणी साठवून ठेवतात. परंतु केवळ साठा असून भागत नाही, तो पुरवून वापरावा लागतो, आणि या झाडांचे खरे कौशल्य तिथेच आहे. बहुतेक झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात, आणि त्याच छिद्रांवाटे त्यांचे पाणी भर उन्हात उडून जाते. बरीचशी सक्युलंट मात्र दिवसभर ही दारे लावून घेतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडतात, त्या वेळी घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात आणि दुसऱ्या दिवशी दारे बंद ठेवूनच उन्हाच्या मदतीने त्यापासून अन्न तयार करतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी साधारण झाडाला ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावे लागते. या पद्धतीने तेच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये होते. दुष्काळ फारच लांबला, तर अशी झाडे रात्रीही दारे उघडेनाशी होतात आणि स्वतःच्याच श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आतल्या आत फिरवून वापरतात. या काळात त्यांची वाढ होत नाही, पण जीव टिकून राहतो. तुमच्या बाल्कनीत मार्चनंतर बहुधा हेच चालले असावे. मोगऱ्यापाशी यांपैकी कोणतीही सोय नसते.

प्रश्न : गच्चीवरची माझी कोरफड आणि इचेव्हेरिया एप्रिलच्या चाळीस अंशांत टिकली आणि जुलैमध्ये आठवड्याभरात मेली. पाने सुरकुतली होती म्हणून मी तर पाणीही वाढवले होते.
— एक वाचक, बावधन

उत्तर : पाणी वाढवले होते, म्हणूनच ती मेली, असे नाइलाजाने म्हणावे लागते. या झाडांची चिवट म्हणून जी ख्याती आहे, ती उपासमारीपुरती खरी आहे. अतिपाहुणचार त्यांना सोसत नाही, आणि पुण्यातल्या सक्युलंटची परीक्षा मेमध्ये होत नसून जुलैमध्ये होते. शहरात वर्षाकाठी साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तुमच्यासारख्या पश्चिमेकडच्या उपनगरांत तो आणखी जास्त असतो. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट आणि कुंडीतली माती चिंब, अशा स्थितीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशीचे फावते.

तुमची जी फसगत झाली, ती अनेकांची होते. तहानलेल्या झाडाची पाने सुरकुततात हे खरे; पण मुळे कुजली असली तरीही पाने सुरकुततात, कारण भोवती पाणी असूनही ते वर पोहोचवणारे कोणी उरलेले नसते. तेव्हा पाण्याच्या झारीला हात घालण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. माती कोरडी आणि पाने मऊ असतील तर झाडाला तहान लागली आहे. माती ओली असून खालची पाने पिवळट, काचेसारखी अर्धपारदर्शक झाली असतील आणि बोट लावताच गळत असतील, तर कूज सुरू झाली आहे असे समजावे. अशा वेळी झाड उपटून खोड खालून वर थोडेथोडे कापत जावे, आणि काप आतून स्वच्छ दिसेल, तपकिरी ठिपकाही राहणार नाही, तिथे थांबावे. हा शेंडा चार-सहा दिवस सावलीत तसाच ठेवून कापाला खपली धरू द्यावी आणि नंतर कोरडसर मिश्रणात लावावा. ओला काप लगेच मातीत खोचण्याची घाई अनेकांना नडते.

नर्सरीतून आलेली चिकट लाल माती किंवा नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) या झाडांच्या उपयोगाचे नाही. निम्म्याहून अधिक भाग जाड वाळू, विटांचा चुरा, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) अशा निचरा होणाऱ्या वस्तूंचा असावा, कुंडी शक्यतो मातीची आणि लहान असावी, आणि तिच्याखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवावी. चार महिने कुंड्या पन्हळी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली, परंतु उजेडात हलवल्यात तर निम्मे काम झाले. इचेव्हेरियाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला फार दोष देणार नाही. ती मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली झाडे आहेत, त्यांना रात्रीचा गारवा लागतो, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाहून हौसेने आणलेली इचेव्हेरिया पहिला पावसाळा पाहत नाही, हे दृश्य पुण्यात नवे नाही. सावली आणि दमटपणा सोसणारे काही हवे असेल तर हावर्थिया घ्यावी.

प्रश्न : सक्युलंट हा शुद्ध परदेशी चोचला आहे, असे आमचे मत आहे. आपल्या मातीत असे काही नाही काय?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपले मत अर्धे खरे आहे, परंतु ज्या अर्ध्यावर आपला भर आहे तो अर्धा नव्हे. आपण ज्यांना ‘आपली’ म्हणतो त्यांतली कितीतरी झाडे बाहेरून आलेली आहेत : कोरफड अरबस्तानातली, बांधावरचा घायपात मेक्सिकोतला आणि फड्या निवडुंग अमेरिका खंडातला. उलट जी खरोखर इथली आहेत ती कुंडीत फारशी दिसत नाहीत. सह्याद्रीच्या काही मोजक्या कड्यांवर, त्यांत शिवनेरीही आली, उगवणारे शिवसुमन केवळ महाराष्ट्रातच सापडते. त्याचे मांसल खोड रात्रीची दारे उघडणाऱ्या पद्धतीने जगते, तर पावसाळ्यात फुटणारी पाने साधारण झाडांसारखी दिवसा काम करतात आणि कोरडा काळ आला की गळून पडतात. म्हणजे एकाच झाडात दोन्ही व्यवस्था नांदतात. ते दुर्मीळ आहे, त्यामुळे गडावरून उपटून आणू नये, ही विनंती मी येथे आग्रहाने करतो. तूर्त घरी काही इथले हवेच असेल तर घोळीची भाजी लावा. तीही सक्युलंटच आहे, आणि उपटून टाकलेली घोळ पुन्हा मुळे धरते हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहावे.

प्रश्न : माझ्या नातीने शाळेच्या वहीत पानफुटीचे पान ठेवले होते. पाणी, माती काहीही नसताना त्याच्या कडेला रोपे फुटली! ती जगतील का?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : अवश्य जगतील. पानफुटीच्या पानाच्या दातेरी कडेवर प्रत्येक खाचेत सुप्त अंकुर असतो, आणि पान झाडापासून तुटले की तो जागा होतो. लागणारे पाणी व अन्न त्या जाड पानातच असते. रोपांना मुळे दिसू लागली की पान तसेच्या तसे मातीवर आडवे ठेवावे, पुरू नये. नातीला आणखी एक गोष्ट सांगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांना याच पानाची चव पहाटे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट लागली, आणि त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापले गेले. पहिल्या उत्तरात ज्या मॅलिक आम्लाचा उल्लेख आला, त्याचाच तो आंबटपणा. या झाडात विषारी द्रव्येही असल्यामुळे हा प्रयोग नातीने पुन्हा करून पाहू नये.

प्रश्न : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देते म्हणून झोपण्याच्या खोलीत ठेवावे, हे खरे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : खरे नाही. ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, पण ऑक्सिजन प्रकाशाशिवाय तयार होत नाही. झाड खोलीत ठेवायला हरकत नाही, पाणी मात्र पंधरा दिवसांतून एकदाच द्यावे.

प्रश्न : दृष्ट लागू नये म्हणून दाराच्या चौकटीवर उलटी टांगलेल्या कोरफडीला आठ महिन्यांनी नवे पान आले आहे. तिला आता कुंडीत लावता येईल का?
— एक गृहिणी, धनकवडी

उत्तर : जरूर लावा. वाळलेली मुळे कापून टाका, दोन दिवस सावलीत ठेवा, कोरड्या मिश्रणात उभी करा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. वळलेला शेंडा आपोआप उजेडाकडे सरळ होईल. चौकटीवर तिच्या जागी दुसरी कोरफड टांगावी की नाही, हा बागकामाचा प्रश्न नसल्यामुळे त्यावर मत देण्याचे मी टाळतो.