पाणी आणायचं कसं, साठवायचं कशात?

वाचकांचे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की पाण्याच्या टाक्यांविषयीची पत्रं वाढतात. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याकडे लोखंडी जाळीतली हजार लिटरची पांढरी टाकी स्वस्तात मिळते आहे. धुऊन घेतली तर घरी पिण्याच्या पाण्याला चालेल का? (ता. हातकणंगले)

आधी त्यात काय भरलेलं होतं हे लेबलवर लिहिलेलं दिसत नसेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी ती टाकी घेऊ नका. ‘साबणाचं पाणी होतं’ असं विकणाऱ्याने सांगितलं, एवढ्यावर विसंबू नये.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, इचलकरंजीला कापडाची प्रोसेस आहे. फाउंड्रीत वाळूचे साचे बांधायला फ्युरान रेझिन आणि त्याच्या जोडीला तीव्र आम्ल लागतं. मशीनला कूलंट लागतं. कापडाला कॉस्टिक, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रंगाची सहायक रसायनं लागतात. यांतलं काहीही अशा टाकीतून आलेलं असू शकतं.

आतली टाकी एचडीपीई प्लास्टिकची असते. लिक्विड ग्लुकोजसारखा पाण्यात विरघळणारा माल धुतला की निघून जातो. तेलकट किंवा सॉल्व्हंटचं रसायन मात्र प्लास्टिकच्या अंगात मुरतं. वरून कितीही घासा, उन्हात टाकी तापली की ते थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. म्हणून ‘चांगली धुतली’ या शब्दांना इथे फारसा अर्थ नाही.

टाकी बघायला जाल तेव्हा जाळीवरची पत्र्याची पाटी वाचा. त्यावर बनवल्याचं वर्ष, लिटर आणि रिकाम्या टाकीचं वजन असतं. शेजारी मालाचं लेबल चिकटवलेलं असतं. लेबल खरवडून काढलेलं असेल तर ती टाकी सोडा. लेबलवर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात कवटीचं चित्र असेल तर ती टाकी बागेलाही नको. कीटकनाशकाचं भांडं तर कोणत्याच पाण्याला वापरू नये. खाण्याच्या मालाचं लेबल असलेली टाकी घेतली तर पुढचं काम असं करा. झाकणाची आणि खालच्या व्हॉल्व्हची रबरी रिंग काढून नवी घाला, कारण जुना माल सगळ्यात जास्त तिथेच धरून राहतो. धुण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने आतून घासा आणि तीनदा खळखळून धुवा. व्हॉल्व्ह उघडझाप करत धुवा, नाहीतर त्याच्या पोटातला माल तसाच राहतो. मग टाकी काठोकाठ भरून त्यात १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओतून द्या. हे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका.

शेवटी थोडं गरम पाणी घालून झाकण लावा, टाकी चार तास उन्हात ठेवा आणि झाकण उघडताच वास घ्या. वास आला तर टाकी बाद. वास आला नाही म्हणून लेबल नसलेली टाकी चांगली ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. जनावरांच्या पाण्यालाही हाच नियम लावा.

एक अडचण हमखास येते. खालचा व्हॉल्व्ह दोन इंची असला तरी त्याचे आटे फार जाड असतात. नेहमीचं दोन इंची पीव्हीसी फिटिंग त्यावर बसत नाही आणि टेप गुंडाळून बसवलं तर गळतं. दुकानात ‘एस ६० बाय ६’चा अॅडॉप्टर मागा. तो त्याच्या वॉशरवर घट्ट होतो, टेप लागत नाही.

प्रश्न : शेतघर पन्हाळ्याच्या उतारावर आहे. छपरावर ठेवतात तसली दोन हजार लिटरची गोल काळी टाकी ट्रॉलीत ठेवून पाणी न्यायचा विचार आहे. चढाला जड जाऊ नये म्हणून अर्धीच भरावी का? (ता. पन्हाळा)

अर्धी भरणं हाच यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्ध्या टाकीत एक टन पाणी मोकळं फिरत असतं. चढाला ते मागे जातं, त्यामुळे दोनचाकी ट्रॉलीचा हुकावरचा भार कमी होतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरू लागतात. उताराला तेच पाणी पुढे येऊन ट्रॅक्टरला ढकलतं. वळणावर ते बाहेरच्या अंगाला चढतं आणि ब्रेक दाबल्यानंतरही क्षणभराने पुन्हा धक्का देतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तर पाण्याला हलायला जागाच उरत नाही. वजन जास्त वाटत असेल तर टाकी लहान घ्या, पण भरायची ती पूर्णच.

छपरावरची उभी टाकी वाहतुकीसाठी बनवलेली नसते. ट्रॉलीच्या तळाला फटी आणि उंचवटे असतात, तिथे तिचा बूड चिरतो. दोन हजार लिटर न्यायचेच असतील तर जाळीच्या दोन टाक्या भरून नेणं बरं. एकीचं वजन पाण्यासकट साधारण १०६० किलो होतं. ट्रॉलीत त्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे हुकावर थोडा भार राहतो. मागे ठेवल्या तर हूक वर उचलला जातो. दोर नको, रॅचेटचा पट्टा घ्या. तो जाळीवरून घेऊन दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या चॅनेलला ओढून बांधा आणि पहिल्या किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा.

निघण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल एकत्र जोडणारी खिट्टी लावलेली आहे का बघा. शेतात वळायला ती काढतात आणि रस्त्यावर येताना तशीच राहून जाते. मग भरल्या ट्रॉलीसह एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा होतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. मधेच क्लच दाबून गिअर बदलू नका, गाडी न्यूट्रलला सोडू नका. पिकअपने नेणार असाल तर आधी आरसी बुकातली वजनाची मर्यादा वाचा, मगच टाक्या ठरवा.

प्रश्न : पंपाने पाणी ओढताना टाकीचं पोट आत गेलं. टाकी खराब निघाली का? (ता. करवीर)

टाकी ठीक आहे, हवेला वाट नव्हती. झाकण घट्ट लावून पंप चालू केला की पाणी बाहेर येतं, त्याच्या जागी हवा आत जात नाही आणि बाहेरचा दाब टाकीला आत लोटतो. भरताना याच्या उलट होऊन टाकी फुगते. भरताना आणि उपसताना झाकण सैल करा. कायमची सोय हवी असेल तर झाकणात एक इंची पाइप बसवून त्याचं तोंड खाली वळवा आणि बारीक जाळी बांधा. आत गेलेलं पोट बऱ्याचदा टाकी पुन्हा पूर्ण भरली की बाहेर येतं. घडीवर पांढरी रेघ उमटली असेल तर पुढे तिथेच चीर जाते.

प्रश्न : पांढऱ्या टाकीतलं पाणी आठवड्यात हिरवं होतं, तळाला अळ्याही दिसतात. काळ्या जमिनीवरचा चौथराही एका बाजूला खचला आहे. यावर उपाय काय? आणि याच टाकीवर ठिबक चालेल का? (ता. शिरोळ)

हिरवेपणा उजेडामुळे येतो. शेडनेटमधून उजेड जातोच, त्याने भागत नाही. शेतात मल्चिंग पेपर उरला असेल तर तो दोन पदरी गुंडाळा, चंदेरी बाजू बाहेर आणि काळी आत. उजेड अडतो, पाणी कमी तापतं आणि प्लास्टिक उन्हाने लवकर ठिसूळ होत नाही. मोजमापाची पट्टीही झाका, तेवढ्या फटीतूनही शेवाळ धरतं.

अळ्यांसाठी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि सुकली तरी मरत नाहीत. नुसतं पाणी ओतून कोरडा दिवस पाळल्याचं समाधान मिळतं, डास मात्र पुढच्या भरणीला येतातच. एवढी मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी करणं परवडत नसेल तर प्रत्येक तोंडाला जाळी बसवा. वापराच्या पाण्यात गप्पी मासे सोडता येतात.

चौथऱ्याचं कारण बहुधा ओव्हरफ्लो आहे. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. सांडणारं पाणी एकाच बाजूला मुरत राहिलं की चौथरा तिरका होतो. दीड फूट काळी माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसा आणि त्यावर चार इंच काँक्रीट घाला. काँक्रीट टाकीच्या चारी बाजूंनी अर्धा फूट जास्त ठेवा. ओव्हरफ्लो पाइपने दहा फूट लांब नेऊन सोडा. जाळी वाकलेल्या जुन्या टाक्या भरून एकावर एक ठेवू नका.

ठिबकला साधारण १ बार दाब लागतो, म्हणजे १० मीटर उंची. सहा फुटांच्या चौथऱ्यावरून ०.२ बारसुद्धा मिळत नाही. छोटा पंप जोडा किंवा परसातल्या थोड्या झाडांना मायक्रोट्यूब वापरा.

प्रश्न : आमच्या वाडीवर पाऊस भरपूर, पण मार्चनंतर पाणी नाही. पागोळीचं पाणी साठवून उन्हाळा निघेल का? (ता. शाहूवाडी)

माणसांचा निघेल, म्हशींचा नाही. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी २० लिटर, पाच माणसांना रोज १००, म्हणजे ९० दिवसांना ९,००० लिटर. जाळीच्या नऊ टाक्या किंवा पाच हजारांच्या दोन टाक्या लागतील. एक म्हैस उन्हाळ्यात रोज ६० ते ८० लिटर पिते, तिच्यासाठी शेततळं किंवा विहीरच हवी.

भरण्याची चिंता नको. ५० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सांडलवंड वजा जाता साधारण ४०० लिटर मिळतात. सुरुवातीच्या पावसाचं पाणी कौलांवरची धूळ, पानं, पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते सोडून द्या. पावसाळ्याच्या शेवटी पन्हळ स्वच्छ करून मग टाक्या भरा. पन्हळ आणि टाकी यांच्यामध्ये दुहेरी सुती कापडाची गाळणी ठेवा आणि दर सरीनंतर ती धुवा.

पिण्याआधी टीसीएल लागेल. हजार लिटरला ५ ग्रॅम पुरते, पण घरच्या काट्यावर ५ ग्रॅम नीट मोजता येत नाहीत. म्हणून ५० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाण्यात कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरच्या निवळीतले १०० मिलिलिटर टाकीत घाला. अर्ध्या तासानंतरच पाणी वापरा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायची, म्हणजे ओटी टेस्टची बाटली असते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पुन्हा मात्रा द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, तेव्हा आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या. ही मात्रा सगळ्या टाक्यांना एकदम घालून ठेवू नका, उन्हाळ्यापर्यंत ती उडून जाते. जी टाकी वापरायला काढाल तिच्यात त्याच दिवशी घाला. पावडरचं पाकीट उघडल्यावर ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सावलीत ठेवा. लोखंडी डब्यात ठेवली तर डबाही गंजतो आणि पावडरही नासते.