डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन घ्यावा का, आणि त्यातलं ‘क्रेडिट’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्याच हॉटेलात चार रात्री राहायचंय. तुम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा, सगळे शाकाहारी. बुकिंग करताना डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना, घ्यायचा का असं विचारलं जातंय. तो परवडतो का, आणि क्रेडिट ही काय भानगड आहे?

आम्ही तिथे एकदा प्लॅन न घेता गेलो होतो आणि २०२४ मध्ये प्लॅन घेऊन गेलो. दुसऱ्या वेळी माझी आईही बरोबर होती, तीही शुद्ध शाकाहारी. त्यामुळे कागदावरचा हिशोब आणि तिथे प्रत्यक्षात काय होतं, दोन्ही सांगू शकते.

आधी क्रेडिटचं. क्रेडिट म्हणजे पैसे नाहीत. खानावळीचं कूपन असतं तसं ते आहे. एक कूपन दिलं की एक जेवण. ते जेवण १२ डॉलरचं असो की २२ डॉलरचं, कूपन एकच जातं आणि वरचे पैसे परत मिळत नाहीत. प्लॅनमध्ये फायदा होतो की तोटा, हे जवळजवळ पूर्णपणे या एका गोष्टीवर ठरतं. स्वस्त पदार्थावर क्रेडिट घालवलं की तोटा, महागावर वापरलं की वसूल.

सध्या प्लॅन दोनच आहेत. छोट्या म्हणजे क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे दोन क्विक सर्व्हिस जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. क्विक सर्व्हिस म्हणजे काउंटरवरून ट्रे घेऊन टेबल शोधायचं. मोठ्या प्लॅनमध्ये एक क्विक सर्व्हिस, एक टेबल सर्व्हिस म्हणजे वेटर येऊन वाढतो ते जेवण, आणि एक स्नॅक. दोन्हींत प्रत्येकाला एक मग मिळतो. तो मुक्कामभर हॉटेलात हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. पार्कात मात्र तो भरून मिळत नाही, म्हणून सकाळी पार्कात सोबत न्यायचे कष्ट घेऊ नका.

हा प्लॅन २००५ मध्ये सुरू झाला, मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले तेव्हा थांबला आणि ९ जानेवारी २०२४ ला परत आला. मधल्या काळात बरंच बदललं. इंटरनेटवर तीन जेवणांच्या ‘डीलक्स’ प्लॅनबद्दल किंवा भलत्याच किमतींबद्दल काही वाचलंत, तर ते २०२० च्या आधीचं आहे असं समजा.

आता रात्री आणि दिवस. प्लॅन रात्रींवर मोजतात, दिवसांवर नाही. चार रात्री म्हणजे तुमचे पाच दिवस, पण क्रेडिट चारचीच. पहिल्यांदा प्लॅन घेणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो: रोज दोन जेवणं मिळतील असं धरून चालतात आणि शेवटच्या दिवशी खिशातून पैसे जातात. वास्तविक चार रात्रींची माणशी आठ क्विक सर्व्हिस जेवणं पाच दिवसांत छान बसतात. पोचाल त्या संध्याकाळी एक, मधल्या तीन दिवसांत दोन-दोन, निघायच्या दिवशी दुपारी एक. झाली आठ. सकाळचं खाणं मात्र तुमचं तुम्ही बघायचं, आणि खरं तर ते बरंच आहे. ब्रेडच्या दोन चकत्या, केळं आणि दूध यांवर पूर्ण जेवणाचं क्रेडिट कशाला घालवायचं? न्याहारीचं सामान बाहेरून आणून खोलीत ठेवता येतं. पार्कातही स्वतःचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेच्या बरण्या-बाटल्या आणि दारू चालत नाही.

सगळ्या खोलीची क्रेडिट एकत्र जमा असतात. पहिल्याच दिवशी सगळी संपवा नाहीतर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा, कुणी हरकत घेत नाही. मॅजिकबँडने, म्हणजे डिस्नेच्या मनगटी पट्ट्याने, किंवा खोलीच्या कार्डाने ती वापरायची, आणि काउंटरवर मिळणाऱ्या पावतीवर किती उरली ते छापलेलं असतं. ती पावती फेकू नका. चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी क्रेडिट रद्द होतात.

आमच्याकडे शेवटच्या संध्याकाळी जेवणं संपली होती, पण स्नॅक मोजले तर नऊ उरलेले. उन्हात दिवसभर फिरून कुणाला काही खावंसंच वाटलं नव्हतं, आणि मी रोज पावती बघायचं सोडून दिलं होतं. मग हॉटेलच्या दुकानात जाऊन मिकीच्या आकाराच्या कुरमुऱ्यांच्या वड्या, कुकीज, पाकीटबंद खाऊ असं शोधून शोधून घेतलं. आई टोपली धरून उभी आणि धाकटा मोठ्याने मोजतोय, “सात… आठ… नऊ.” तो खाऊ पुढे आठवडाभर पुरला. तुम्ही पाकीटबंद गोष्टींसाठी स्नॅक क्रेडिट ठेवलीत तर हरकत नाही, पण आठवण राहू द्या. कशावर स्नॅक क्रेडिट चालतं त्याची खूण मेनूवर असते.

आता पैसे. मी २०२४ चे दर धरते, कारण ते मला पाठ आहेत. त्यानंतर दर वाढलेत, म्हणून बुकिंग करताना तुमच्या तारखांचा आकडा घालून हेच गणित पुन्हा करा. क्विक सर्व्हिस प्लॅन मोठ्यांना रात्रीमागे ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३ डॉलर. मोठा प्लॅन मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. तीन वर्षांखालच्यांना प्लॅन लागत नाही.

आणि दहा वर्षं पूर्ण झाली की मूल ‘मोठं’. तुमची मुलगी मोठ्यांच्या दरात जाणार. तिचा आहार किती, ती किती खाते, हे कुणी विचारत नाही. वर नियम असा की एका बुकिंगमध्ये तीन वर्षांवरचे जेवढे असतील त्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा. मुलासाठी घेतो, आमच्यासाठी नको, असं चालत नाही.

म्हणजे तुमच्या घराचा हिशोब तीन मोठे आणि एक लहान. क्विक सर्व्हिस रात्रीला १९४.८६, चार रात्रींचे ७७९.४४ डॉलर. मोठा प्लॅन रात्रीला ३१२.५३, चार रात्रींचे १,२५०.१२ डॉलर. फरक ४७० डॉलरच्या वर.

आता एका मोठ्या माणसाचे ५७ डॉलर कसे वसूल होतात ते बघू. स्नॅकचे सात धरू. तो भरून घ्यायचा मग वेगळा विकत घेतला तर वीस डॉलरच्या थोडा वर जातो, तो चार रात्रींवर वाटला तर रोजचे पाच. उरले ४५. म्हणजे प्रत्येक क्विक सर्व्हिस जेवण साडेबावीस डॉलरचं व्हायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. तिथे एक मुख्य पदार्थ साधारण १३ ते १७ डॉलर आणि वर पेय पाच, म्हणजे १८ ते २२. कर धरूनही बरोबरी जेमतेमच. २१ वर्षांवरच्यांना जेवणाबरोबर बिअर किंवा वाईन घेता येते, ती घेतली तर पारडं फिरतं. पण घरात कुणी घेत नसेल आणि सगळे नुसतं पाणीच पीत असतील, तर पेयाचे पैसे जवळजवळ फुकट जातात, कारण काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी तसंही मोफत मिळतं. शाकाहारी पदार्थ बहुतेक वेळा मेनूतल्या स्वस्त ओळींत असतात, हेही लक्षात घ्या. आमच्या चौघांच्या पावत्या बेरजेला बसवल्या तेव्हा क्विक सर्व्हिसमध्ये आम्ही तोट्यातच होतो.

मोठ्या प्लॅनमध्ये तेच गणित: ९४ मधून स्नॅक आणि मगचे १२ गेले, क्विक सर्व्हिसचे २० गेले, उरले ६२. म्हणजे टेबल सर्व्हिसचं जेवण माणशी ६२ डॉलरचं पडलं तर वसूल. त्यात मुख्य पदार्थ, दुपारी-रात्री गोड आणि एक पेय येतं, सुरुवातीचे स्टार्टर येत नाहीत. साध्या रेस्टॉरंटात शाकाहारी थाळी, आइस्क्रीम आणि कोक घेऊन ६२ होत नाहीत, ४५ च्या आसपास थांबतं. बफेला किंवा मिकी, गूफी टेबलापाशी येतात त्या कॅरेक्टर मीलला मात्र रात्री ६० च्या वर सहज जातं. आणि वेटरची टिप प्लॅनमध्ये नाही. बिलावर जो मूळ आकडा असतो त्याच्या १८ ते २० टक्के द्यायची. चौघांच्या कॅरेक्टर बफेचं बिल २४० झालं तर ४३ ते ४८ डॉलर हातचे काढावे लागतात. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के बिलातच लावतात.

लहान मुलाचं उलट आहे. २९.६९ मध्ये त्याचं एक कॅरेक्टर डिनरच ४० च्या घरात जातं. त्याचा प्लॅन पहिल्याच दिवशी वसूल. डिस्नेने २०२६ साठी तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा प्लॅन मोठ्यांनी प्लॅन घेतल्यास मोफत जाहीर केला आहे. पण तुमच्याकडे असं मूल एक आणि मोठ्यांच्या दरातली माणसं तीन. दोन-तीन छोटी मुलं असती तर मी बिनधास्त मोठा प्लॅन घ्या म्हटलं असतं.

दोन क्रेडिटवाली रेस्टॉरंटं शक्यतो टाळा. सिग्नेचर म्हणतात त्यांना, आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रॉयल टेबलही त्यात येतं. माणशी दोन टेबल क्रेडिट म्हणजे तुमच्या १६ पैकी ८ एका जेवणात गेली. मुलीला किल्ल्यात जेवायचंच असेल तर ते वेगळं, तो आनंद पैशात मोजू नये. पण मग तो एकच बेत ठरवून घ्या.

मोठा प्लॅन घेतलात तर टेबल आधी राखून ठेवणं भाग आहे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधीपासून, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचं बुकिंग करता येतं. त्या दिवशी सकाळीच बसा. टेबल मिळालंच नाही तर ती क्रेडिट वापरायला जागाच शोधत फिरावं लागेल. आणि बुकिंग करून न गेल्यास माणशी १० डॉलर लागतात.

शाकाहाराची काळजी मात्र फार करू नका. वनस्पतिजन्य पदार्थांपुढे मेनूत पानाची खूण असते. ॲनिमल किंगडम पार्कात पँडोराच्या भागात सातुली कँटीन आहे, तिथे तिखट तळलेल्या टोफूचा बाऊल मिळतो, पोट भरतं. ॲनिमल किंगडम लॉजमधलं बोमा हे आफ्रिकन चवींचं बफे आहे. तिथे आईने आधी शेफला बोलावून घेतलं. तो तिच्याबरोबर एकेका भांड्यापाशी गेला, यात मांसाचं पाणी आहे, यात नाही, असं दाखवत. आईने तीन वाट्या सूप घेतलं, मसूर होते त्यात, आणि म्हणाली, “गेले तीन दिवस असं काही मिळालं नव्हतं गं.” त्याच लॉजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथल्या भारतीय चवीच्या रोट्या-चटण्या प्रसिद्ध आहेत. पण ते स्टार्टरमध्ये धरतात, म्हणून त्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा. आम्ही दिले आणि पश्चात्ताप झाला नाही.

तुमच्यासाठी माझं मत असं: आत्ता प्लॅन घेऊ नका. मुलाला ज्या एक-दोन कॅरेक्टर मीलची ओढ आहे तेवढी ६० दिवस आधी बुक करा आणि तिथे सरळ पैसे द्या. बाकी वेळा क्विक सर्व्हिस, पाणी मोफतचं, न्याहारी खोलीत. पण तुमच्या मुलांना जर रोजच कुणी ना कुणी भेटायला हवं असेल, म्हणजे चारही दिवस कॅरेक्टर बफे, तर मोठ्या प्लॅनचा हिशोब लिहून काढून बघा. तेव्हा तो कदाचित बरोबरीला येईल, आणि मेनूचे आकडे न बघता मुलांना ‘हवं ते घे’ म्हणता येणं याला माझ्या घरात तरी किंमत होती.

अजून एक, कधीकधी डिस्ने ‘प्लॅन मोफत’ अशी ऑफर काढतं. त्यात खोलीचे पूर्ण दर द्यावे लागतात. त्याच तारखांना खोलीवर सूट किती मिळतेय ते शेजारी मांडून बघा. साधी हॉटेलं आणि माणसं जास्त, तर मोफत प्लॅन बरा पडतो. महाग हॉटेल आणि माणसं कमी, तर खोलीवरची सूट. तुमचं हॉटेल कोणतं ते कळवलंत तर आकडे घालून सांगते.